ह्यांच्या नावावरचे अठरा मासे

आधीच माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, आणि माझं अक्षर म्हणजे कोंबडी ओल्या शेणातून चालत गेली आहे, असं आमच्या बाई म्हणायच्या. त्यात इथं जपानात आठ वर्षं मराठी लिहायची वेळ फक्त किराण्याच्या यादीपुरतीच आली. ही वही शंभर येनच्या दुकानातली आहे. हिच्या रेघा उभ्या आहेत, कारण इथली माणसं वरून खाली लिहितात. मी वही आडवी धरून लिहिते आहे. कुणी वाचावं म्हणून नाही. तरी कुणाच्या हाती लागलीच, तर चुका पोटात घाला.

मार्च महिन्यात आणि एप्रिलच्या पहिल्या दोन आठवड्यांत मी इथल्या नदीत उभी राहून अठरा मासे धरले आणि मारले. ते का, एवढंच मला लिहून ठेवायचं आहे. गावी गेल्यावर मला कुणी विचारणार नाही, आणि विचारलं तरी मला चार माणसांत तोंड उघडता येत नाही.

हे इंडियन रेस्टॉरंटमध्ये आचारी होते. आधी कोबेला, मग इथं, टोकियोच्या पश्चिमेला, नदी डोंगरातून बाहेर येते त्या लहान गावात. मंगळवारी रेस्टॉरंट बंद असायचं. मंगळवारी हे नदीवर जायचे. आचारी माणसाला हा नाद कुठून लागला, मी विचारलं नाही. सहा दिवस तंदूरपुढं उभं राहिल्यावर एक दिवस गार पाण्यात उभं राहावंसं वाटत असेल, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं होतं. रिकाम्या हातानं यायचे. मी म्हणायची, "आज पण नाही?" हे म्हणायचे, "नदी काय आपल्या बापाची आहे?" आणि आंघोळीला जायचे.

नोव्हेंबरमध्ये दुपारच्या गर्दीनंतर तंदूरपुढच्या स्टुलावर बसले ते उठले नाहीत.

मी रडले नाही. टोकियोच्या पूर्वेकडच्या फुनाबोरीहून दोघी मराठी बायका आल्या होत्या, दोघींचे नवरे तोयोसूला कंपनीत आहेत. ह्यांनी त्यांच्या गणपतीला एकदा मोदकाचं सारण करून दिलं होतं, तेवढीच ओळख. एक म्हणाली, "ताई, रडून घ्या हो. आतल्या आत राहिलं की माणूस आजारी पडतं." मी त्यांना चहा केला. साखर घालायला विसरले. दोघींनी तसाच प्यायला आणि कप विसळून ठेवले.

मी नवऱ्याच्या व्हिसावर आलेली बायको. नवरा गेल्यावर फार दिवस राहता येत नाही. दिरानं एप्रिलअखेरचं तिकीट काढलं. तोवर मी डब्यांच्या कारखान्यात जात राहिले. माझं काम सोपं आहे. पट्ट्यावरून भाताचे डबे येतात, प्रत्येक भातावर मधोमध एक लाल आंबट फळ ठेवायचं. ह्यांना जाळून आल्यावर तिसऱ्या दिवशी मी कामावर होते. हात आपोआप चालत होते. फळ, डबा. फळ, डबा. अस्थींचं मडकं घरी फ्रिजवर होतं, कारण खोलीत दुसरी उंच जागा नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी घर आवरायला घेतलं. आंघोळीच्या जागेत ह्यांची नदीत उतरायची विजार टांगलेली होती. छातीपर्यंत येणारी, खांद्यावर पट्टे, पायाला जाड बूट. इथं तिला वेडर म्हणतात. डोकं नसलेला माणूस उभा असावा तशी ती तीन महिने तिथंच होती आणि मी तिच्या बाजूला बसून आंघोळ करत होते. छातीवरच्या खिशात घडी घातलेला कागद सापडला. जपानी मला जेमतेम वाचता येतं, पण ह्यांचं नाव ओळखलं, आणि आकडा. अठरा हजार येन. खाली पुलापलीकडच्या मासेमारीच्या दुकानाचा शिक्का.

दुसऱ्या दिवशी पाकिटात अठरा हजार घालून गेले. दुकानाच्या दारासमोर तीनदा पुढं जाऊन परत आले. चौथ्यांदा दार जरा सरकवलं, तर आतून आवाज आला, "आत ये तरी. उष्णता बाहेर जातेय."

आत रॉकेलच्या शेगडीजवळ एक म्हातारी बसली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, हे मला नंतर कळलं. हातांवर चढवलेल्या कापडी बाह्या, कपाळावर चष्मा. नदीवर मासे धरायचं तिकीटही तीच विकायची, कारण तिथल्या मच्छीमार संघाचं काम तिच्याकडं होतं. इथं अशा बाईला ओबाचान म्हणतात, म्हणजे आजीच.

"तू इंदो-सानची बायको," ती म्हणाली. ह्यांचं नाव तिला उच्चारता येत नव्हतं, म्हणून हिंदुस्थानी माणूस म्हणून इंदो-सान.

मी मान वाकवली आणि दोन्ही हातांनी पाकीट पुढं केलं. तिनं उघडून पाहिलं आणि तसंच माझ्याकडं सरकवलं.

"हे नाही. ठरलं होतं मासे."

मला वाटलं मला भाषा कळत नाही. तिनं सावकाश सांगितलं. ह्या नदीत आयु नावाचा लहान चंदेरी मासा असतो, इथल्या लोकांना तो फार प्रिय. एप्रिलच्या मध्यावर संघ त्याची पिल्लं नदीत सोडतो. पण कुणीतरी परदेशातला बास मासा आणून ह्या नदीत टाकला, तो वाढला, आणि तो ती पिल्लं खातो. म्हणून पिल्लं सोडायच्या आधी जो कुणी बास धरून, मारून आणेल त्याला संघ प्रत्येक माशामागं एक चिठ्ठी देतो. चिठ्ठी ह्या दुकानात हजार येनची चालते. ह्यांनी वेडर, बूट, गळाची काठी आणि दोरीचं रीळ उधारीवर नेलं. थोडे पैसे रोख दिले. उरलेले अठरा हजार माशांनी फेडतो म्हणाले.

"दोन वसंत गेले," ओबाचान म्हणाली. "एक मासा आणला नाही."

"त्यांना मिळत नसतील."

ती हसली. "मिळत नसतील! भरपूर मिळायचे."

शेगडीवरची किटली उचलून तिनं मला चहा दिला. मला तिथून निघून जाता आलं असतं. पाकीट तिथं ठेवून पळालेही असते. पण माणूस गेलं आणि त्याचं नाव दुसऱ्याच्या कागदावर राहिलं, हे आमच्याकडं बरं मानत नाहीत. आणि ती बाई पैशांनी ते नाव खोडणार नव्हती.

"मी धरते," मी म्हणाले. आठ वर्षांत कुणी न विचारता ‘मी करते’ म्हणायची माझी ती पहिलीच वेळ असेल.

"तू?"

"माझे वडील भोई होते. नदीतले मासे धरायचे."

तिनं माझ्या हातांकडं पाहिलं. "आणि तू?"

"मी काठावर बसायची."

खरंच होतं. आमच्याकडं बाई मासे विकते, साफ करते, जाळं विणते. पाण्यात उतरत नाही. वडील गोदावरीत कमरेएवढ्या पाण्यात उभे असायचे आणि मी काठावर टोपली धरून. मासा कुठं असेल ते मला काठावरून सांगता यायचं. पण पाण्याचा जोर गुडघ्याला कसा लागतो ते मला शेहेचाळिसाव्या वर्षी कळायचं होतं.

मंगळवारी सकाळी कारखान्याला सुट्टी घेऊन गेले. मी वेडर घातल्यावर ओबाचान बघतच राहिली. "यात तू आणि तुझी सासू, दोघी मावाल." मग तिनं माझ्या कमरेला पट्टा इतका आवळला की श्वास अडला. पडलीस तर आत पाणी भरू नये म्हणून, असं म्हणाली. बुटांच्या तळाला लोकरीसारखं जाड कापड होतं, शेवाळावर घसरू नये म्हणून. बुटांत मी तीन जोड मोजे घातले होते, तरी टाच मागं-पुढं होत होती. तीही तिच्या जुन्या वेडरमध्ये उतरली. एका हातात बांबू. माझ्यापेक्षा ताठ चालत होती.

डोंगरावर अजून बर्फ होतं आणि नदीत त्याचंच पाणी. पहिली पाच मिनिटं पाय दुखले. मग दुखायचे थांबले. मग पाय आहेत की नाहीत तेच कळेना. मला ते वाईट वाटलं नाही. नोव्हेंबरपासून मी वर तशीच होते, आता खालपर्यंत सारखं झालं.

"धारेत टाकू नकोस," ओबाचान म्हणाली. "आत्ताचा बास आळशी असतो. त्याला अजून थंडी आहे. डोह संपतो आणि पाणी उथळ व्हायला लागतं तिथं, मोठ्या दगडाच्या मागं, बसून असतो. दुपारी पाणी जरा कोमट झालं की तोंड उघडतो. त्याच्या तोंडासमोरून हळू ने. म्हातारीच्या चालीनं."

गळाला बोटाएवढी रबरी अळी आणि शिशाचा लहान तुकडा. वरच्या अंगाला तिरकं फेकायचं, पाण्याला वाहू द्यायचं, दोरी सैल पडू द्यायची नाही. शिसं तळाच्या दगडांवरून जातं ते काठीतून हाताला कळतं. ठक, ठक, ठक. माझी पहिली फेक माझ्याच टोपीत अडकली. दुसरी झाडात. ओबाचान म्हणाली, "झाडात मासे नाहीत, मी पाहिलंय."

दुपारी दोनच्या सुमारास ठकठक थांबली आणि दोरी जड झाली. ओढली नाही कुणी, नुसती जड. मी काठी उचलली आणि पलीकडून कुणीतरी मान हलवली. मासा खाली गेला, वर आला, पाण्याबाहेर अर्धा उडाला. हातभर नव्हता, वीतभराहून मोठा. अंग पितळेच्या जुन्या भांड्यासारखं, त्यावर उभे काळसर पट्टे, डोळा लाल. मी त्याला खालच्या ओठाला धरला, गळ काढला, पाण्यात ठेवला आणि हात उघडला.

मला विचार करायला लागला नाही. हंगामाचा पहिला मासा नदीचा. वडील तो सोडून मगच जाळं परत टाकायचे. माझ्या हातानं ते केलं.

ओबाचान मागून ओरडली. पाणी उडवत आली. "काय केलंस! ह्या नदीत धरलेला बास परत सोडता येत नाही! नियम आहे! पाटी वाचली नाहीस?"

"पहिला होता. पहिला आम्ही—"

"तुम्ही नवरा-बायको एकाच शाळेत गेला होतात काय?"

ती दगडावर बसली, धाप लागली होती. मग पुलाकडं बोट करून म्हणाली, "मी त्या पुलावरून बघायची त्याला. दोन वसंत. मासा लागायचा, आणि मादी असली, पोट फुगलेलं असलं, की दोन्ही हातांत पाण्यातच धरायचा. तोंड पाण्याच्या धारेकडं करून. तिला काहीतरी सांगायचा. मग सोडायचा. मी वरून ओरडायची. तो मान वाकवून माफी मागायचा, आणि पुढच्या मंगळवारी परत तेच. वसंतात मोठे लागतात ते माद्याच. मग आणणार काय, माझं कपाळ?"

"तुम्ही संघाला सांगितलं नाही?"

"नाही सांगितलं. डोळे मिटले." तिनं बांबू दगडावर आपटला. "चांगला माणूस होता, म्हणून. आणि त्या माद्यांची पिल्लं गेल्या वर्षी माझे आयु खाऊन मोठी झाली. म्हणून म्हटलं, पैसे नकोत. मासे आण."

मी विचारलं, "ते माशाला काय सांगायचे?"

"मला कुठली तुमची भाषा. माहे, माहेरी, असं काहीतरी. प्रत्येकीला तेच."

हे मी लिहिणार नव्हते, पण मग वही कशाला आणली.

आम्हाला मूल नाही. तीनदा राहिलं, तीनदा गेलं. तिसरं कोबेला, पाचव्या महिन्यात. दवाखान्यात सगळं स्वच्छ होतं आणि सगळे हळू बोलत होते. हे रात्रपाळी संपवून वरण-भात घेऊन आले, मला चमच्यानं भरवला, डबा धुऊन आणला. त्यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही. काय बोलणार? त्याच पावसाळ्यात एकदा रेस्टॉरंटच्या मागच्या दारात बसून लसूण सोलत होतो, तेव्हा मी काही तरी बोलायचं म्हणून सांगितलं की आषाढात पोटात गाभोळी, म्हणजे अंडी, असलेला मासा जाळ्यात आला की माझे वडील तो सोडायचे. आई चिडायची, कारण गाभोळीच्या माशाला भाव जास्त. वडील म्हणायचे, "बाळंतपणाला माहेरी निघालीय ती. वाटेत अडवू नये." मग माशाला म्हणायचे, "जा, माहेरी जा."

हे भोई नव्हते. ह्यांच्या घरी सात पिढ्यांत कुणी मासा धरला नाही. लसूण सोलताना मान हलवली, एवढंच. मला वाटलं ऐकलंही नसेल.

आमच्या नदीची रीत ह्यांनी परक्या नदीत, परक्या माशाला लावली. चूक ह्यांची, पण तोंडातून गेलेली गोष्ट माझी. हे सगळं मला पाण्यात उभ्या उभ्या कळलं आणि मला काही तरी व्हायला हवं होतं. काही झालं नाही. मी गुडघ्यांकडं पाहिलं. पाणी त्यांच्याभोवतीनं जात होतं.

"अठरा," मी ओबाचानला म्हणाले. "सोडलेला त्यात धरत नाही."

"तो कसा धरशील, तो गेला," ती म्हणाली.

त्या दिवसापासून मंगळवारी आणि रविवारी नदीवर. बास जिवंत नेता येत नाही, तोही नियम आहे, म्हणून तिथंच मारायचा. ओबाचाननं मला हातभर लांब गुळगुळीत दांडकं दिलं. "डोळ्यांच्या मागं. एकदाच. दोनदा मारायला लागलं तर ते तुझं काम चुकलं." मी एकदाच मारत होते. हात आपोआप चालत होता. मासा, दांडकं, पिशवी. कारखान्यात फळ, डबा. मला फरक कळत नव्हता आणि तेच बरं होतं.

पहिल्या आठवड्यात दोन. मग तीन. मग जोराचा पाऊस झाला, नदी गढूळ होऊन काठाला लागली आणि तीन खेपा हात हलवत परत आलो. ओबाचान दुकानात बसून म्हणाली, "तुझ्या नवऱ्यानं सोडलेले एकमेकांना सांगत असतील, बायको आलीय म्हणून." पुढच्या रविवारी पाणी निवळलं आणि एकाच डोहाच्या टोकाला चार लागले.

मी त्यांतला एक घरी नेला. मोठी मादी होती. फुनाबोरीच्या दुकानातून आणलेली आमसुलं होती, त्यांत कालवण केलं, आणि गाभोळी हळद-तिखट-मीठ लावून, तांदळाच्या पिठात घोळवून तळली. डबा भरून ओबाचानकडं नेला. तिनं गाभोळीचा तुकडा तोंडात टाकला. डोळ्यांतून पाणी आलं, नाकातून आलं. "याला जेवण म्हणता तुम्ही? हे औषध आहे." मग डबा स्वतःच्या बाजूला ओढला. "तू खा की."

मी खाल्लं. "मीठ बरोबर आहे का?" मी विचारलं.

"तुला कळत नाही?"

"नोव्हेंबरपासून नाही कळत."

तिनं चॉपस्टिक खाली ठेवल्या. मला वाटलं आता तीही रडून घे म्हणेल. ती म्हणाली, "माझा नवरा गेला तेव्हा मला दोन वर्षं पाय गरम वाटले नाहीत. उन्हाळ्यातसुद्धा दोन मोजे. मीठ बरोबर आहे. तिखट मात्र जीवघेणं आहे."

एकदा मी तिला विचारलं की त्या माशाचा तिला राग येतो का. म्हणाली, "माशाचा कसला राग. तो काय स्वतः विमानाचं तिकीट काढून आला? कुणीतरी आणून टाकला. पण नदी लहान आहे माझी."

एप्रिलचा दुसरा मंगळवार आला तेव्हा सतरा झाले होते. गुरुवारी संघ पिल्लं सोडणार होता. त्यानंतर चिठ्ठी बंद. आणि बुधवारी मला कारखान्यात शेवटचा दिवस भरायचा होता. म्हणजे तोच एक दिवस.

चेरीच्या पाकळ्या वाहत येत होत्या. दोरीला चिकटायच्या आणि काहीतरी लागलं असं वाटायचं. सकाळ गेली. दुपार गेली. दोनला काही नाही, तीनला काही नाही. मी रबरी अळी बदलली, जागा बदलली, पुलाखालच्या डोहाच्या टोकापर्यंत गेले. तिथं मधोमध एक मोठा दगड होता आणि त्याच्यामागं पाणी गोल फिरत होतं. तिथं मासा असणार, हे मला काठावरून दिसत होतं, जसं लहानपणी दिसायचं. पण फेक पोचत नव्हती. मी पुढं गेले. पाणी छातीला आलं. पुढच्या पावलाला तळ नव्हता. मी बुडाले नाही, पण एका बाजूला कलले आणि काखेतून गार पाणी आत गेलं. पट्ट्यानं ते कमरेशी अडवलं.

"मागं ये!" ओबाचान काठावरून ओरडली. "मागं ये, वेडे! एक चिठ्ठी मी लिहून टाकते! कोण बघतंय!"

"तुम्ही एकदा डोळे मिटलेत ना," मी तिथूनच म्हणाले. "आता मिटू नका."

ती बांबू टेकत टेकत पाण्यात उतरली, माझ्या मागं येऊन उभी राहिली आणि माझा कमरेचा पट्टा पाठीमागून मुठीत धरला. "टाक," म्हणाली.

मी टाकलं. पाण्यानं अळी दगडाच्या मागं नेली. ठक. ठक. मग काही नाही. मग जड.

त्या माशाला आणायला वेळ लागला. दोनदा धारेत गेला, एकदा दगडाखाली शिरला. आम्ही दोघी एकमेकींना धरून मागं मागं उथळ पाण्यात आलो. मादी होती. मी धरलेल्यांतली सगळ्यांत मोठी. पोट इतकं ताणलेलं की पट्टे लांब लांब झाले होते. मी तिला दोन्ही हातांत धरलं तर माझ्या तळव्यावर दोन-चार पिवळसर दाणे आले.

पिशवी काठावर होती. दांडकं माझ्या पट्ट्यात होतं. ओबाचाननं माझा पट्टा सोडला. ती वळली, माझ्याकडं पाठ केली आणि वरच्या अंगाला, पुलाकडं, बघत उभी राहिली. बराच वेळ. मला कळलं, मी नको म्हटलं तरी ती मला मोकळीक देत होती.

मी माशाचं तोंड धारेकडं केलं. ह्यांनी धरला असेल तसाच धरला असेल मी. कल्ले उघडत मिटत होते. माझ्या तोंडात ते शब्द आले. मी ते म्हटले नाहीत. ते ह्यांचे होते, आणि ज्यांना म्हणायचे त्यांना ह्यांनी म्हणून टाकले होते.

मग दांडकं काढलं. दोनदा मारायला लागलं. पाण्यात सगळा दिवस गेला होता, थंडी होती.

ओबाचान वळली. माशाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "दोनदा," म्हणाली.

"हो."

"चल."

दुकानात तिनं शेगडी मोठी केली. मासा मोजपट्टीवर ठेवला, वहीत लिहिला, चिठ्ठी फाडून माझ्या हातात दिली. मी ती बाकीच्या सतरांवर ठेवली आणि सगळ्या तिच्याकडं सरकवल्या, दोन्ही हातांनी. तिनं थुंकी लावून मोजल्या. मग ह्यांच्या खिशातला तो कागद मी पुढं केला. तिनं ड्रॉवरमधून तिच्याकडची प्रत काढली. दोन्ही शेजारी ठेवून ह्यांच्या नावावर लाल शिक्का मारला. एकच अक्षर. मला वाचता येत नव्हतं म्हणून विचारलं.

"झालं," ती म्हणाली. "झालं, असं लिहिलंय."

मी वेडर काढून कोपऱ्यात ठेवत होते, तिला परत द्यायची म्हणून. ती म्हणाली, "ती उचल. ती माझी नाही आता. इंदो-सानची आहे."

मी ती घडी करून पिशवीत भरली. ओली होती, जड होती. पुलावरून घरी आले आणि आंघोळीच्या जागेत तिच्या खिळ्याला परत टांगली. खालून थेंब पडत राहिले. शिक्का मारलेला कागद फ्रिजवर मडक्याखाली ठेवला. ह्यांचे अठरा हजार येन पूर्ण फिटले.